खाद्यबाजार आणि आधीच दिलेले नकार

प्रार्थनेसाठी एकत्र येणाऱ्या समुदायाने निधी उभारण्यासाठी खाद्यबाजार भरवायचे ठरवले की पहिल्या बैठकीत बोलणे पदार्थांवरच होते. कोणाच्या हाताला कशाची चव आहे, मागच्या खेपेला काय हातोहात संपले, काय संध्याकाळपर्यंत पडून राहिले, यावर तासभर सहज जातो. ही चर्चा रंगू द्यावी, कारण पुढच्या सगळ्या कामात एवढी मजा पुन्हा येत नाही. मात्र अशा बाजारांच्या मागच्या बाजूला बरीच वर्षे उभी राहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की त्यांचे यश चवीवर फार थोडे अवलंबून असते. चव बहुधा उत्तमच असते. आपल्या माणसांना खाऊ घालायचे आहे म्हटल्यावर कोणी हात आखडता घेत नाही. घोडे अडते ते कुपनाच्या टेबलापाशी, मोठ्या पातेल्याच्या तळाशी, रोकड मोजताना, आणि सर्वांत जास्त म्हणजे कोणाला तरी ‘नाही’ म्हणायची वेळ येते तिथे.

व्यवसायात नकार देणे सोपे असते. माल पसंत पडला नाही की परत पाठवता येतो आणि कोणी मनाला लावून घेत नाही. इथे मात्र पदार्थ आणणारी व्यक्ती तो विकायला नव्हे, तर अर्पण करायला आणत असते. तिचा डबा नाकारला की तिची सेवाच नाकारल्यासारखे होते, आणि बाजार उठल्यावरही ती सल वर्षभर प्रत्येक भेटीत जाणवत राहते. म्हणून मी एक गोष्ट आग्रहाने सांगते: जे जे नकार द्यायचे असतील ते सगळे महिनाभर आधी, लेखी स्वरूपात आणि सगळ्यांना एकाच वेळी द्यावेत, म्हणजे तेव्हा कोणाच्याच हातात पातेले नसते. नियम आधी आला तर तो नियम असतो. तोच नियम समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगितला तर तो अपमान ठरतो.

पहिला आणि सगळ्यांत अवघड नियम घरून शिजवून आणायच्या पदार्थांचा. माझे म्हणणे स्पष्ट आहे: कोरडे, भाजलेले, पुरेसे साखर घातलेले किंवा तळून नीट निथळलेले टिकाऊ पदार्थ घरून यावेत, ओले, रसदार, दूध घातलेले आणि भाताचे पदार्थ जागेवरच, एका देखरेखीखाली शिजावेत. यामागे कोणाच्या स्वच्छतेवर शंका नसते. घरच्या ओट्यावर चार जणांचा स्वयंपाक आणि शंभर जणांचा स्वयंपाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण अन्न निवण्याचा वेग भांड्याच्या आकारावर ठरतो.

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडते, कारण खाद्यबाजारातून खरा अपाय होतो तो याच ठिकाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली: स्वच्छता राखा, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. त्यात आकडेही दिलेले आहेत. शिजवताना अन्नाचा गाभा ७० अंश सेल्सियसपर्यंत जावा, वाढेपर्यंत ते ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहावे आणि शिजलेले अन्न साध्या खोलीच्या तापमानात दोन तासांहून जास्त राहू नये. आता आदल्या रात्री शिजवलेले तीस लिटरचे पातेले डोळ्यांसमोर आणा. झाकण लावून ते कोपऱ्यात ठेवले आणि सकाळी उघडले, तर कडेला अन्न गार लागते. पण डाव थेट तळापर्यंत नेऊन मधला भाग वर काढला तर तो अजून कोमटच असतो. म्हणजे रात्रभर तो जंतूंना सर्वांत मानवणाऱ्या उबेत राहिला. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या रश्श्यातही तग धरतात आणि अन्न सावकाश निवू लागले की जागे होतात. पंचेचाळीस अंशांच्या आसपास त्यांची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. भातातला बॅसिलस सिरियस तर त्याहून कावेबाज आहे, कारण उलट्या घडवणारे त्याचे विष एकदा तयार झाले की सकाळी पुन्हा उकळी आणूनही जात नाही. ‘परत एक उकळी काढली की झाले’ हा आपल्या सगळ्यांचा आवडता उपाय इथे चालत नाही.

आदल्या दिवशी शिजवणे टळतच नसेल, तर अन्न पसरट ट्रेमध्ये चार-पाच सेंटिमीटरच्या थरात ओतावे, ट्रे एकावर एक न रचता मोकळे ठेवावेत आणि बर्फ किंवा शीतगृहाची सोय करावी. पहिल्या दोन तासांत ते २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरायला हवे. यासाठी अन्नात खुपसायचा एक साधा थर्मामीटर लागतो. तो बरोबर दाखवतो की नाही हे पाहायला बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवावा. आकडा शून्यावर आला पाहिजे. एका वर्षी एक काकू ऐन गर्दीत टॉवेलात गुंडाळलेले मोठे पातेले घेऊन आल्या. तोपर्यंत नियम लेखी दिलेला होता, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. टेबलावरच्या स्वयंसेवकाने फक्त थर्मामीटर आत घातला आणि आकडा त्यांच्याकडे वळवला. तो ४१ दाखवत होता. ‘अगं, देवाच्या कामाला आणलंय, त्याला काय होतंय?’ असे त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. पण आकडा बघून त्यांनीच झाकण परत लावले. माणसाने दिलेला नकार आणि आकड्याने दिलेला नकार यांत फरक असतो, आणि थर्मामीटरची किंमत त्या एका प्रसंगात वसूल होते.

दुसरा नियम घटकपदार्थांचा. प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय काय आहे हे लिहिलेले कार्ड हवे, आणि ते बनवणाऱ्या व्यक्तीनेच भरून द्यायला हवे. शेंगदाणे, तीळ, दूध, गहू, काजू-बदामांसारखा सुकामेवा, अंडी, मासे यांपैकी काही असेल तर ते ठळक दिसावे. युरोपीय संघाच्या नियमांत असे १४ पदार्थगट आहेत जे ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. आपल्याकडचा कायदा काहीही असो, ती यादी समोर ठेवून कार्ड बनवले तर फारसे काही सुटत नाही. धार्मिक समुदायात याला आणखी एक पदर असतो. काही जणांचा उपास असतो, काहींना ठराविक पदार्थ वर्ज्य असतात आणि ते विचारायला संकोचतात. कार्ड असले की विचारावे लागत नाही. अर्थात, कार्डावर जे लिहिले त्याला पळीने हरताळ फासू नये. दोन पातेल्यांत एकच पळी फिरली की कार्ड खोटे ठरते, म्हणून जितके पदार्थ तितक्या पळ्या, आणि शक्य असेल तर पळीच्या दांड्याला पदार्थाच्या कार्डाच्याच रंगाची फीत.

पळीवरून आठवले, खाद्यबाजाराचा नफा कुठे गळतो हे पाहायचे असेल तर वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहावे. तीस लिटरच्या पातेल्यातून दीडशे मिलिलिटरची पळी काठोकाठ भरून वाढली तर २०० वाट्या होतात. वाढणाऱ्याने प्रेमाने प्रत्येक वेळी थोडे जास्त घातले आणि वाटी १८० मिलिलिटरची झाली, तर वाट्या १६६ वर येतात. चौतीस वाट्या कुठे गेल्या हे कोणालाही कळत नाही, कारण पातेले तर रिकामेच झालेले असते. समजा त्या पदार्थाचा खर्च विक्रीच्या चाळीस टक्के आहे. म्हणजे पहिल्या ८० वाट्यांत खर्च निघतो आणि उरलेल्या १२० वाट्या हा निधी असतो. चौतीस वाट्या या १२० मधून वजा होतात, खर्चातून नाही. म्हणजे हाताच्या त्या थोड्याशा सैलपणाने निधीचा पाव भाग किंवा त्याहून थोडा अधिकच जातो. वाढणाऱ्यांना हे गणित आदल्या दिवशी पाण्याने भरलेले पातेले आणि पळी घेऊन करून दाखवावे. ज्यांना हात आखडणे जिवावर येते त्यांना वाढायला उभे न करता स्वागताला उभे करावे. तिथे उदारपणा शोभतोही आणि परवडतोही.

दर ठरवताना बाजारभावाशी स्पर्धा करण्याचे कारण नाही आणि फार चढे दर लावण्याचेही नाही. मी तीनच गोष्टी पाहते: मालाचा पूर्ण खर्च किती, त्याच्या अडीच पट दर लोकांना खटकेल का, आणि तो आकडा सुट्या पैशांशिवाय देता येईल का. तिसरी गोष्ट अनेकांना क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात विषम दरामुळे टेबलावरचा माणूस दर वेळी डबा उचकत राहतो, रांग थांबते आणि शेवटी ‘राहू द्या हो’ म्हणत दोन्ही बाजूंनी हिशेब सोडून दिला जातो. सगळे दर एकाच लहान आकड्याच्या पटीत ठेवले की हा प्रश्नच उरत नाही.

रांग हा आपल्या बाजाराचा खास प्रश्न आहे, कारण इथली गिऱ्हाइके दिवसभर विखरून येत नाहीत. प्रार्थना संपते आणि दारे उघडताच सगळे एकदम बाहेर पडतात. दहा मिनिटांत दोनशे माणसे आली आणि कुपनाच्या टेबलावर प्रत्येकाला अर्धा मिनिट लागला, तर एका टेबलाला शंभर मिनिटे लागतील. तोपर्यंत लहान मुले रडवेली झालेली असतात आणि ज्येष्ठ मंडळी न खाता घरी निघालेली असतात. चार टेबले लावली तर पंचवीस मिनिटांत काम होते. जॉन लिटल या संशोधकाने १९६१ साली सिद्ध केलेले एक सूत्र इथे उपयोगी पडते: रांगेत सरासरी किती माणसे असतील, तर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला थांबावी लागणारी मिनिटे. मिनिटाला चार जण येत असतील आणि दहा मिनिटे थांबावे लागत असेल, तर चाळीस माणसांना उभे राहायला सावलीची जागा हवी. रांग कमी करता आली नाही तरी ती कुठे उभी राहील एवढे तरी आधी ठरवता येते.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे कुपने आधी विकणे. आधीच्या दोन-तीन प्रार्थनासभांना कुपने विकली की रांग तुटते, मागणीचा अंदाज येतो, आणि किती माल भरायचा हे अंदाजपंचे ठरवावे लागत नाही. मुख्य जेवणासाठी पदार्थाच्या नावाचे कुपन असावे आणि किरकोळ खाण्यासाठी ठरावीक रकमेचे. दोन्ही वेगळ्या रंगांत, दोन्हींवर छापील क्रमांक आणि पुस्तकात राहणारा अर्धा भाग. ज्यांना पैसे देणे परवडत नाही त्यांच्यासाठी काही कुपने बाजूला ठेवणार असाल, तर तीही त्याच रंगाची, त्याच छपाईची असावीत. फरक फक्त पुस्तकातल्या अर्ध्या भागावर नोंदलेला असावा. विनामूल्य कुपनावर शिक्का मारायची सूचना बैठकीत कोणीतरी हिशेबाच्या काळजीपोटी करतेच, आणि ती मी दर वेळी मोडून काढते.

पैसे घेणाऱ्या हाताने अन्नाला हात लावू नये, हे सगळ्यांना पाठ असते आणि गर्दीत सगळे विसरतात, म्हणून कुपनाचे टेबल अन्नापासून इतके लांब ठेवावे की विसरता येणारच नाही. स्वयंपाक करणाऱ्यांसाठी साबण, वाहते पाणी आणि हात पुसायला कागद स्वयंपाकाच्या जागीच हवेत; पन्नास पावलांवर असले तर वापरले जात नाहीत. ज्याच्या बोटाला चिरले आहे किंवा ज्याला सर्दी आहे त्याने खुर्च्या मांडाव्यात. उकळत्या तेलाच्या कढईजवळ तिच्यावर पूर्ण बसेल असे झाकण ठेवावे, आणि तेल पेटले तर पाणी अजिबात ओतायचे नाही, आच बंद करून झाकण सरकवायचे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडून तोंडी म्हणवून घ्यावे. कढई आणि रोकड सोडून बाकी सगळीकडे मुलांना काम द्यावे; ताटल्या मोजण्यात त्यांच्याइतके काटेकोर कोणी नसते.

स्वयंसेवकांबद्दल एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते, की नेहमीचीच मूठभर माणसे राबतात. हे खरे आहे, आणि त्याला थोडीफार तीच माणसे कारणीभूत असतात, कारण काम सोडून देणे त्यांना जमत नाही. दोन तासांची पाळी ठरवावी, बदली माणसाचे नाव कागदावर असावे आणि पाळी संपली की त्या माणसाला खरोखरच बाहेर काढावे. जो स्वयंपाकघरात आहे त्यालाही प्रार्थनेला बसायचे असते, हे आयोजकांच्या लक्षात राहत नाही. ते वेळापत्रकात लिहिलेले असावे लागते.

आता रोकड. इथे माझा सूर जरा कडक होतो, कारण श्रद्धेच्या ठिकाणी हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असा समज असतो, आणि त्याचा जास्तीत जास्त त्रास प्रामाणिक खजिनदारालाच होतो. पुढे कधी कुजबुज झाली तर त्याच्याकडे दाखवायला काहीच नसते. सुरुवातीला टेबलावर ठेवलेले सुटे पैसे किती, हे लिहून दोघांनी सही करावी. शेवटी प्रत्येक टेबलाच्या कुपनपुस्तकाचा पहिला आणि शेवटचा विकलेला क्रमांक घ्यावा, त्यातून विनामूल्य आणि रद्द कुपने वजा करून किमतीने गुणावे. जो आकडा येईल तो रोकड अधिक फोनवरून आलेले पैसे, वजा सुरुवातीचे सुटे पैसे, एवढा असायला हवा. थोडा फरक पडतोच. तो फरक आहे तसा लिहावा. स्वतःच्या खिशातून भरून आकडे जुळवणारी माणसे मनाने चांगली असतात, पण त्यांच्यामुळे पुढच्या वर्षी चूक कुठे होते ते सापडत नाही. फोनवरून पैसे घेण्याचा क्यूआर कोड समुदायाच्या खात्याचाच असावा, कोणा व्यक्तीच्या खात्याचा नसावा, मग ती व्यक्ती कितीही विश्वासाची असो. मोजणी दोघांनी, शक्यतो एकाच घरातल्या नसलेल्या दोघांनी करावी, आणि रक्कम त्याच दिवशी कुलपात जावी.

वस्तुरूपाने मिळालेली मदत हा हिशेबातला सर्वांत दुर्लक्षित भाग. कोणी तेल देते, कोणी तांदूळ, कोणी भांडी भाड्याने न घेता मिळवून देते. हे सगळे ‘फुकट’ म्हणून सोडले तर निव्वळ शिल्लक फुगलेली दिसते, आणि देणारा पुढच्या वर्षी गावी नसला की तोच बाजार एकाएकी तोट्यात जातो. म्हणून अशा प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत जमेला आणि खर्चाला, दोन्हीकडे मांडावी. शिल्लक तेवढीच राहते. पण बाजार स्वतःच्या पायावर उभा आहे की चार दात्यांच्या खांद्यावर, हे कागदावर दिसते. परवानगी आणि नोंदणीचेही असेच. वर्षातून एकदा धर्मादाय हेतूने अन्न विकणाऱ्यांना अनेक ठिकाणी सवलत असते, पण ती बहुधा परवान्यातून असते, अन्न सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून नसते. स्थानिक कार्यालयात जाऊन विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखी घ्यावे.

उरलेल्या अन्नाचा निर्णय बाजार सुरू होण्याआधी व्हावा, कारण संध्याकाळी थकलेली माणसे अन्न टाकायला कधीच तयार होत नाहीत. टाकवत नाही म्हणून ते घरोघरी वाटले जाते, किंवा गरजूंना पाठवले जाते. आणि दिवसभर कोमट राहिलेले, आपण स्वतः खायला धजावणार नाही असे अन्न गरजूंना देणे यात कसला धर्म आहे हे मला कळत नाही. म्हणून विक्री संपायच्या तासभर आधी एकाने थर्मामीटर घेऊन फिरावे. जे ६० अंशांच्या वर आहे ते लगेच निम्म्या दराने विकावे किंवा तेव्हाच, गरम असतानाच, द्यायच्या ठिकाणी रवाना करावे. जे दोन तासांहून जास्त वेळ कोमट राहिले असेल ते खताच्या खड्ड्यात जाईल, आणि तसे होणार हे महिनाभर आधीच्या त्या लेखी सूचनेत शेवटचे कलम म्हणून घातलेले असावे. पातेल्यांवर ज्यांची त्यांची नावे असतील तर धुऊन परत करताना गोंधळ होत नाही. खडू वाफेने पुसला जातो म्हणून नाव खडूने लिहू नये, कडीला चिठ्ठी बांधावी.